३.५ फॅट, पण दर ३.४ चा: दूध डेअरीच्या शीटमधल्या एका सूत्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावची ही सहकारी दूध डेअरी. गाव, डेअरी आणि माणसं ओळखू येतील असं काही इथे लिहिलेलं नाही. सकाळी साडेपाचला आणि संध्याकाळी पुन्हा, असं दोन वेळा दूध गोळा होतं. दूध घालणारे दोनशेच्या आसपास. बहुतेकांकडे दोन-तीन संकरित गाई, काहींकडे म्हशी, थोड्यांकडे जर्सी. बिल दर दहा दिवसांनी.

डेअरीत फॅट (दुधातली स्निग्धता) आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दाखवणारं मशीन आहे, पण ते कॉम्प्युटरला जोडलेलं नाही. मशीनवर आकडा बघायचा आणि एक्सेलच्या शीटमध्ये टाइप करायचा. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ एवढंच हाताने भरायचं. नाव, दर आणि रक्कम सूत्रातून येते. दर येतो 'दरपत्रक' नावाच्या वेगळ्या पानावरून. तिथे उभ्या रकान्यात फॅट ३.० ते ५.०, आडव्या ओळीत एसएनएफ, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे दर. दूध संघाकडून नवा चार्ट आला की सेक्रेटरी तो या पानावर उतरवतात आणि त्याचीच एक प्रत काट्याशेजारी भिंतीवर चिकटवतात.

मी याच गावचा, तालुक्याला हिशेब लिहिण्याचं काम करतो. सेक्रेटरींनी मला बोलावलं ते एका तक्रारीमुळे.

तक्रार

आक्कांच्या दोन गाई. दिवसाला सरासरी १८ लिटर दूध. धार काढल्यावर त्या स्वतः किटली घेऊन येतात आणि घरी गेल्यावर पावतीवरचे आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत लिहितात: लिटर, फॅट, दर. वर्षानुवर्षांची सवय.

एका बिलानंतर त्या कॅलेंडरचं पान घेऊनच डेअरीत आल्या. "सेक्रेटरी, मला साडेतीन फॅट लागली, एसएनएफ साडेआठ. भिंतीवर तीस रुपये लिवलंय. मला एकोणतीस सत्तर कसं?"

सेक्रेटरी म्हणाले, "आक्का, कॉम्प्युटर दर काढतोय, आम्ही नाही. तिथं चुकायचं काय?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी तिथल्या तिथे स्वतःच्या पावत्या काढून भिंतीवरच्या चार्टशी ताडून बघितल्या, सगळ्या बरोबर. म्हैसवाल्या दोघांच्या बघितल्या, त्याही बरोबर. मग मशीनवर शंका घेतली गेली, मग आक्कांच्या वाचण्यावर. दोन दिवसांनी आक्का पुन्हा आल्या, तेव्हा त्यांच्यासोबत शेजारणीच्या पावत्याही होत्या. शेजारणीला ३.७ ला ३.६ चा दर मिळाला होता.

त्या चार्टमध्ये फॅटच्या प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, ३० पैशांचा फरक होता. १८ लिटरला दिवसाला ५ रुपये ४० पैसे. ज्या घरात पेंडीच्या पोत्याचा भाव पन्नास रुपयांनी वाढला की एक पोतं कमी येतं, त्या घरात हा आकडा लहान नसतो.

शोध

शीट उघडल्यावर दराचं सूत्र दिसलं ते असं:

=व्हीलुकअप(एफ२, दरपत्रक, मॅच(जी२, एसएनएफओळ))

एफ रकान्यात फॅट, जी मध्ये एसएनएफ. मॅच तो एसएनएफ आडव्या ओळीत कितव्या जागी आहे ते सांगतं. व्हीलुकअपचं काम सोपं: दिलेली किंमत तक्त्याच्या पहिल्या रकान्यात शोधायची आणि त्याच ओळीतल्या सांगितलेल्या रकान्यातलं मूल्य आणून द्यायचं. त्याला चौथा भाग देता येतो. तिथे फॉल्स लिहिलं तर तंतोतंत तीच किंमत सापडली तरच उत्तर येतं, नाहीतर 'एन/ए' ही चूक दिसते. ट्रू लिहिलं किंवा काहीच लिहिलं नाही, तर सूत्र जवळची किंमत घेतं: शोधलेल्या आकड्याइतकी किंवा त्याहून लहान असलेल्यांतली सर्वांत मोठी. इथे चौथा भाग लिहिलेलाच नव्हता. मॅचमध्येही शेवटचा भाग सुटला होता, आणि तो सुटला की मॅचही तसंच वागतं.

जवळचं घेण्याची ही पद्धत मुळात वाईट नाही. प्राप्तिकराचे टप्पे, कुरिअरचे वजनाचे टप्पे काढायला तीच हवी. पण तिच्यासाठी पहिला रकाना चढत्या क्रमाने लावलेला असावा लागतो, कारण शब्दकोशात शब्द शोधताना आपण पुस्तक मध्येच उघडून पुढे-मागे जातो, तसं हे सूत्र शोधतं. मी आधी क्रमच तपासला. ३.०, ३.१, ३.२... ५.०. चोख चढता. मग ३.५ ला ३.४ ची ओळ का?

पहिली संध्याकाळ इथेच गेली. तक्त्यातल्या ३.५ च्या चौकटीत दशांशस्थळं वाढवून बघितली: ३.५०००००००००००००. एका रिकाम्या चौकटीत ३.५ टाइप करून दोन्ही बरोबरीच्या चिन्हाने ताडून बघितले: उत्तर ट्रू. एक्सेल म्हणतंय दोन्ही सारखे, आणि व्हीलुकअपला मात्र तो ३.५ सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींना विचारलं, की हा फॅटचा रकाना भरलात कसा? ते म्हणाले, "पहिल्या घरात ३ लिहिलं. खालच्या घरात वरच्यात ०.१ मिळवायचं सूत्र टाकलं आणि खाली ओढलं. एकवीस आकडे कोण टाइप करत बसणार?"

तिथे गाठ सुटली. एक्सेल अपूर्णांक दोनाच्या पायावर, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत, साठवतं. दहाच्या पायावर एक तृतीयांश लिहायला गेलं की ०.३३३ संपतच नाही, तसं दोनाच्या पायावर ०.१ संपत नाही. कुठेतरी तोडावा लागतो आणि कणभर फरक राहतो. एकदा मिळवल्याने काही बिघडत नाही, पण मिळवलेल्यात पुन्हा मिळवत गेलं की तो कण साठत जातो. ३ पासून निघून तिसऱ्या पायरीला, म्हणजे ३.३ लाच, तक्त्यातली किंमत खऱ्या ३.३ पेक्षा किंचित मोठी होते: ३.३००००००००००००००३. एक्सेल १५ अंकांपर्यंतच दाखवतं, त्यामुळे डोळ्यांना ३.३ च दिसतं. बरोबरीचं चिन्हही तेवढ्याच अंकांवर निकाल देतं, म्हणून ते ट्रू म्हणालं. लुकअपची सूत्रं मात्र साठवलेला पूर्ण आकडा बघतात. टाइप केलेला ३.५ हा तक्त्यातल्या ३.५ हून कणभर लहान, म्हणून सूत्र त्याच्या वरच्या, म्हणजे ३.४ च्या ओळीवर थांबत होतं.

फरक डोळ्यांना दाखवायची एक युक्ती आहे. दोन चौकटींची वजाबाकी पूर्णपणे कंसात घालून लिहायची. नुसती वजाबाकी शून्य दाखवते. कंसात घातली की दशांशचिन्हानंतर पंधरा शून्यं आणि मग ४४४ असा बारीक आकडा उमटतो. सेक्रेटरींनी तो स्वतः टाइप करून बघितला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग आम्ही ३.० पासून ५.० पर्यंत एकेक फॅट टाकून दर काढला आणि भिंतीवरच्या चार्टशेजारी धरला. ३.०, ३.१, ३.२ बरोबर. ३.३ ते ४.१ या नऊच्या नऊ ओळी एक पायरी खाली. ४.२ पासून पुन्हा सगळं बरोबर! याचं कारण असं, की ४ च्या पुढे एक्सेल आकडे थोडे जाडसर गाळून ठेवतं. त्या गाळण्यात साठलेला कण आधी नाहीसा होतो आणि ४.४ पासून उलट्या बाजूला जातो. तक्त्यातला आकडा खऱ्याहून कणभर लहान असला तर जवळचं शोधणारं सूत्र योग्य ओळीवरच थांबतं.

सेक्रेटरींच्या घरी जर्सी आहे. तिची फॅट ४.३ च्या खाली क्वचित येते. म्हशीचा चार्ट वेगळ्या पानावर होता आणि कागदावरून हाताने टाइप केलेला होता, त्यामुळे त्यात हा दोष नव्हता. एसएनएफची ओळही टाइप केलेली, म्हणून निर्दोष. म्हणजे ज्यांनी तपासून 'बरोबर आहे' म्हटलं ते सगळे प्रामाणिक होते, आणि ज्यांचं नुकसान होत होतं ते नेमके संकरित गाईवाले, गावात सर्वांत जास्त.

दुसरी चूक, जी आधीपासून दिसत होती

पावतीवर नाव आणणाऱ्या सूत्रातही चौथा भाग नव्हता. प्रयोग म्हणून तिथे फॉल्स घातलं, तर ११ सभासदांच्या नावाऐवजी 'एन/ए' आलं. सभासद यादीत त्यांचे क्रमांक मोबाइलमधून चिकटवलेले होते आणि चौकटीच्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण होता. ते आकडे दिसत होते, पण शीटच्या लेखी अक्षरं होती. आकडा ११८ अक्षरांतल्या ११८ शी जुळत नाही. जवळचं शोधणारं सूत्र अशी चौकट ओलांडून आधीच्या क्रमांकावर थांबायचं आणि ११८ च्या पावतीवर ११७ चं नाव छापायचं.

हे सेक्रेटरींना माहीत होतं. "त्या नावांना कॉम्प्युटर अडतोय म्हणून मी हातानं टाइप करतो," असं ते सहज म्हणाले. बँकेची यादी वेगळी असल्याने पैसे चुकीच्या खात्यात गेले नव्हते. पण शीट चुकीचं उत्तर देतंय याची खूण रोज समोर येत होती आणि रोज हाताने पुसली जात होती.

पर्याय

पहिला पर्याय सर्वांत झटपट: फॅटच्या रकान्यातली सूत्रं काढायची आणि २१ आकडे टाइप करायचे. दहा मिनिटांचं काम. संध्याकाळचं संकलन दीड तासावर आलं होतं, म्हणून तात्पुरतं आम्ही हेच केलं. पण पुढचा चार्ट उतरवताना कुणीतरी पुन्हा ०.१ मिळवत खाली ओढणार, हे सरळ दिसत होतं.

दुसरा, जुन्या तक्त्यावर नुसतं फॉल्स घालायचं. करून बघितलं. २१ पैकी ५ ओळींनाच दर सापडला: ३.०, ३.१, ३.२, ४.२ आणि ४.३. बाकी सगळीकडे एन/ए. चुकीचा दर देण्यापेक्षा हे कितीतरी बरं, पण पहाटे रांग लागलेली असताना याने काम चालत नाही.

तिसरा, एक्सलुकअप. हे नवं सूत्र मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये जाहीर केलं. यात काहीच सांगितलं नाही तर ते तंतोतंतच शोधतं, आणि ही फार मोठी सुधारणा आहे. व्हीलुकअप एक्सेलच्या १९८५ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि त्याची न सांगता जवळचं घेण्याची सवय तशीच राहिली आहे. डेअरीत मात्र एक्सेल २०१६ आहे. त्यात एक्सलुकअप चालत नाही. शिवाय अपूर्णांकाचा मूळ दोष त्यानेही जात नाही, फक्त तो लपत नाही.

चौथा, मशीन थेट जोडलेलं तयार डेअरी सॉफ्टवेअर. चेअरमनना हे पटत होतं. पण खर्चाला सभेची मंजुरी हवी, आणि तोवर रोज दोन वेळा दूध येणारच.

पाचवा मार्ग डेअरीच्या बोलीतच होता. इथे कुणी 'फॅट शून्य पूर्णांक एकने वाढली' म्हणत नाही, 'एक पॉइंट वाढली' म्हणतात. मग तक्त्यात ३.५ ऐवजी ३५ पॉइंटच का लिहू नये? पूर्णांकांना हा आजार नाही. ३० मध्ये एकेक मिळवत ५० पर्यंत गेलं तरी कण साठत नाही.

काय केलं

पाचवा पर्याय घेतला. फॅट आणि एसएनएफचे दोन्ही अक्ष पॉइंटमध्ये केले. काट्यावरचा माणूस पूर्वीसारखा ३.५ च टाइप करतो. दहाने गुणून पूर्णांक करण्याचं काम सूत्र करतं:

=इंडेक्स(दर, मॅच(राउंड(एफ२*१०,०), फॅटपॉइंट, ०), मॅच(राउंड(जी२*१०,०), एसएनएफपॉइंट, ०))

दोन मॅच ओळ आणि रकाना शोधतात, इंडेक्स तिथला दर आणतं, राउंड आकड्याचा जवळचा पूर्णांक करतं. मॅचच्या शेवटचा शून्य म्हणजे तंतोतंत. आकडा टाइप न करता सूत्रातून आला असेल तर नुसतं दहाने गुणल्यावरही तोच कण उरू शकतो, म्हणून राउंड हवंच.

यानंतर आमच्यात खरा मतभेद झाला. दर सापडला नाही तर काय दाखवायचं? सेक्रेटरींचं म्हणणं, इफएररने (चूक आली की तिच्या जागी आपण सांगितलेलं दाखवणारं सूत्र) शून्य दाखवू, म्हणजे पावती अडणार नाही. त्यांची अडचण मला कळत होती. पहाटे सहाला रांगेतल्या माणसाला 'कॉम्प्युटर अडलाय' सांगणं सोपं नाही. पण शून्य दर छापला गेला तर तो दहा दिवसांच्या बेरजेत मिसळतो आणि दिसेनासा होतो. शिवाय इफएरर प्रत्येक चूक झाकतं. सूत्र मोडलं असेल तर तेही. शेवटी फक्त 'एन/ए'च पकडणारं इफएनए वापरून त्या जागी लाल अक्षरांत 'दर तपासा' असे शब्द ठेवले. शब्दांना लिटरने गुणता येत नाही, त्यामुळे रक्कम आणि एकूण बेरीज दोन्ही चूक दाखवतात आणि बिल छापताच येत नाही. मला हेच हवं होतं.

सभासद यादीतले ११ क्रमांक आकड्यांत बदलले, नावाच्या सूत्रात फॉल्स घातलं, आणि हाताने टाइप केलेली नावं पुसून तिथे सूत्र परत आणलं.

मग पैशांचा प्रश्न. दोष त्या चार्टबरोबर आला होता, म्हणजे सात बिलं, ७० दिवस. प्रत्येक बिलाची फाइल जपून ठेवलेली होती, ही सेक्रेटरींची शिस्त उपयोगी पडली. सातही फायलींत नव्या सूत्राने दर काढून प्रत्येकाचा फरक काढला. पैसा डेअरीकडेच होता. संघ डेअरीला एकत्र टँकरच्या फॅटवर पूर्ण दर देत होता, त्यामुळे उत्पादकांना कमी गेलेली रक्कम नफ्यात दिसत होती. नफा वाढल्याचं समितीला बरंच वाटलं होतं.

चेअरमनचा विचार होता, की दिवाळीच्या फरकात, म्हणजे दिवाळीला दूध घालणाऱ्यांना मिळणाऱ्या जादा रकमेत, ही रक्कम गुपचूप मिळवून द्यावी. नाहक चर्चा नको. मी आग्रह धरला की नावानिशी यादी फळ्यावर लागावी. आक्कांना दोन वेळा 'तुमचंच चुकतंय' असं चारचौघांत ऐकवलं गेलं होतं. त्याची भरपाई दिवाळीच्या पाकिटात होत नाही. समितीत यावर तासभर बोलणं झालं आणि यादी लावायचं ठरलं.

निष्पत्ती

यादी लागली त्या सकाळी आक्का कॅलेंडर घेऊन आल्या. आमच्या हिशेबाने त्यांचे ३६८ रुपये ४० पैसे निघत होते, त्यांच्या हिशेबाने ३७१ रुपये १० पैसे. फरक २ रुपये ७० पैशांचा, म्हणजे ९ लिटरचा, म्हणजे एका वेळच्या दुधाचा. शोधल्यावर कळलं, की एका संध्याकाळी वीज गेली होती आणि हाताने पावत्या दिल्या होत्या. त्या नंतर शीटमध्ये चढवल्या गेल्या, पण दर जुन्याच सूत्राने पडलेला असताना कुणीतरी त्या ओळींचं सूत्र काढून नुसता आकडा ठेवला होता. आमच्या दुरुस्तीने त्या ओळी पकडल्याच नाहीत. त्या संध्याकाळच्या सगळ्यांच्या नोंदी पुन्हा तपासाव्या लागल्या. आक्कांचा आकडा बरोबर होता आणि सेक्रेटरींनी तो सगळ्यांसमोर सांगितला.

पुढचा चार्ट आला तेव्हा पहिल्याच सकाळी दोन पावत्यांवर 'दर तपासा' आलं. एका गाईची फॅट २.९ लागली होती, चार्ट ३.० पासून सुरू होतो. जुन्या शीटमध्येही ती ओळ अडली असती. दुसऱ्या पावतीवर ३.६ ऐवजी ३६ टाइप झालं होतं. जुन्या सूत्राने त्या दुधाला मुकाट्याने ५.० फॅटचा दर दिला असता.

वेगळं काय करता आलं असतं

भिंतीवरच्या चार्टशी २१ ओळी ताडून बघणं हे पहिलं काम असायला हवं होतं. मी सूत्र वाचण्यात एक अख्खी संध्याकाळ घालवली. ताडणी दहा मिनिटांची होती आणि ३.३ ते ४.१ हा पट्टा समोर आला असता तर अर्धं कोडं तिथेच सुटलं असतं. आता शीटमध्ये 'पडताळणी' नावाचं एक पान आहे. नवा चार्ट उतरवला की काट्यावर वापरण्याआधी तिथले सगळे दर कागदावर टिकमार्क करून सेक्रेटरी आणि समितीतला एक जण सह्या करतात.

तक्रार तपासताना सेक्रेटरींनी ज्या पावत्या हाताशी होत्या त्या बघितल्या. बघायला हवी होती आक्कांचीच पावती, तेच आकडे पुन्हा भरून. तसं केलं असतं तर आक्कांना दुसरी फेरी मारावी लागली नसती.

नावं हाताने टाइप करावी लागत होती, तेव्हाच कुणीतरी थांबून 'का' विचारायला हवं होतं. मी वर्षभरापूर्वी दुसऱ्या कामासाठी हे शीट उघडलं होतं आणि ते हिरवे त्रिकोण बघितले होते. तेव्हा मीही पुढे गेलो.

सूत्रांची घरं कुलूपबंद करणं आम्ही नंतरसाठी ठेवलं, ते दुरुस्तीच्याच दिवशी करायला हवं होतं. वीज गेलेल्या संध्याकाळच्या ओळी अशाच मोडल्या होत्या.

आणि एक गोष्ट अजून पुरी झालेली नाही. त्या ७० दिवसांत दूध घालणाऱ्या चौघांनी नंतर गाई विकल्या आणि दूध बंद केलं. त्यांची रक्कम रजिस्टरमध्ये वेगळी काढून ठेवली आहे. दोघांना पोहोचली. एक जण कामासाठी बाहेरगावी गेला आहे, त्याच्या भावाकडे निरोप दिलाय. चौथ्या घरी सेक्रेटरी या आठवड्यात स्वतः जाणार आहेत.